पेशंटचा डावा, आपला उजवा: फर्स्ट सेमिस्टरच्या एका मुलीची केस

ही केस बीएस्सी नर्सिंगच्या फर्स्ट सेमिस्टरमधल्या एका मुलीची आहे. तिचं नाव, गाव, कॉलेज यातलं काहीच लिहीत नाहीये, पण लिहायच्या आधी तिला विचारलंय आणि ती म्हणाली, "लिहा मॅडम, माझ्यासारख्या लई जणी आहेत." मी तिथे ट्यूटर होते, फिजिओलॉजी घ्यायचे. दर वर्षी नापास होणाऱ्या मुली बघून "बेसिक कच्चं आहे" असं म्हणायची सगळ्यांना सवय झालेली असते, मलाही झाली होती. कच्चं म्हणजे नेमकं कुठे कच्चं, हे मी पहिल्यांदा हिच्या बाबतीत शोधायला बसले, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग अकरावी-बारावी सायन्स, घरात मेडिकल लाइनला जाणारी पहिलीच. पहिल्या इंटर्नलला ७५ पैकी १९. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे ॲप्लाइड ॲनाटॉमी आणि ॲप्लाइड फिजिओलॉजी हा एकच पेपर असतो, ॲनाटॉमीचा सेक्शन ३७ चा आणि फिजिओलॉजीचा ३८ चा, पासिंग पन्नास टक्के. म्हणजे ती निम्म्याच्याही निम्म्यावर होती. आणि ही मुलगी अजिबात आळशी नव्हती हो, हॉस्टेलच्या वॉर्डन सांगायच्या की रात्री बारा-एकपर्यंत तिचा लाइट चालू असतो. तिची वही मी बघितली तर अक्षर मोत्यासारखं, डायग्राम चार रंगांच्या पेनांनी काढलेले, लाल आर्टरी, निळी व्हेन, पिवळी नर्व्ह, प्रत्येक लेबलची रेष पट्टीने ओढलेली. जर्नलला तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. ज्या मुलीची वही इतकी सुंदर ती पेपरात कोरी कशी राहते, हा प्रश्न मला झोपू देईना.

एका शनिवारी दुपारी तिला डेमो रूममध्ये बोलावलं. आधी विचारलं आर्टरी म्हणजे काय, तर तिने इंग्लिशमधली व्याख्या एका दमात म्हणून दाखवली, एक शब्द चुकला नाही. मग म्हटलं, "अगं, आता हेच तुझ्या आजीला सांगायचंय असं समज, मराठीत सांग." ती थांबली. बराच वेळ थांबली आणि मग म्हणाली, "मॅडम, असं कधी केलंच नाय." मग मी कोरा कागद दिला आणि म्हटलं वही बंद, हृदय काढ, चार कप्पे दाखव आणि रक्त कुठून येतं कुठे जातं त्याचे बाण काढ. आकार सुरेख आला, नावंही चारही बरोबर, पण लेफ्ट व्हेंट्रिकल कागदाच्या डाव्या बाजूला आणि राइट उजव्या बाजूला. बाण दोन काढले आणि पेन खाली ठेवलं.

मला वाटलं घाईत उलटं झालं असेल. पण विचारलं तर कळलं की तिच्या मनात हा गोंधळ पहिल्या आठवड्यापासून होता. पुस्तकात राइट व्हेंट्रिकल कागदाच्या डाव्या बाजूला का दाखवतात हे तिला कधी समजलंच नव्हतं, तिला वाटायचं पुस्तकात असंच असतं, पाठ करायचं. ॲनाटॉमिकल पोझिशन, म्हणजे माणूस समोर ताठ उभा, नजर समोर, तळवे पुढे, आणि डावं-उजवं नेहमी त्या माणसाचं, बघणाऱ्याचं नाही, हे पहिल्याच लेक्चरला पाच मिनिटांत होऊन जातं, तेव्हा ती ॲडमिशनच्या कागदपत्रांसाठी गावी गेली होती. बस, एवढंच. त्या पाच मिनिटांच्या गैरहजेरीवर पुढचे तीन महिने उभे होते, कारण डावं-उजवं उलटं धरलं की लिव्हर, स्प्लीन, अपेंडिक्स सगळंच घोकून लक्षात ठेवायला लागतं, डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही. मी तिच्या समोर उभी राहिले, तिचा हात धरून माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि विचारलं, तुझ्या कुठल्या बाजूला आला? "डाव्या." मग स्वतःच म्हणाली, "अय्यो, म्हणजे डायग्राम माझ्याकडे तोंड करून उभाय!" त्या दिवसापासून नियम केला की प्रत्येक डायग्रामच्या कोपऱ्यात आधी "पे. डावा" असं लिहायचं, म्हणजे पेशंटचा डावा, आणि मगच पेन चालवायचं.

दुसरी गाठ त्याहून जुनी होती, शाळेतली. शुद्ध रक्त आणि अशुद्ध रक्त. तिच्या डोक्यात आर्टरी म्हणजे शुद्ध रक्ताची नळी, लाल, आणि व्हेन म्हणजे अशुद्ध रक्ताची, निळी. हे एकदा डोक्यात बसलं की पल्मनरी आर्टरीपाशी माणूस अडकतो, कारण ती आर्टरी असून ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुप्फुसाकडे नेते, आणि पल्मनरी व्हेन ऑक्सिजन भरलेलं रक्त परत आणते. हिने "हे दोन अपवाद आहेत" असं पाठ केलं होतं. अपवाद कसला, व्याख्याच चुकीची धरली होती! हृदयाकडून बाहेर नेते ती आर्टरी, हृदयाकडे आणते ती व्हेन, आत काय भरलंय याचा नावाशी संबंध नाही. बसचं नाव ती कुठे जाते त्यावरून ठरतं, आत कोण बसलंय त्यावरून नाही, असं मी तिला सांगितलं. आणि रक्त निळं कधीच नसतं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्तसुद्धा गडद लालच असतं, हे ऐकून तिला खरा धक्का बसला. अशुद्ध हा शब्द मला तर शाळेतूनच काढून टाकावासा वाटतो, त्याने मुलांच्या डोक्यात घाण पाण्याच्या पाइपाचं चित्र बसतं ते जाता जात नाही.

इथे माझी एक चूक झाली ती पण लिहिते. मराठीत समजतं ना हिला, मग मी तिला मराठी संज्ञांची यादी करून दिली, अलिंद, निलय, रोहिणी, नीला, केशवाहिन्या वगैरे. आठवड्याने बघते तर गोंधळ दुप्पट. यातले काही शब्द तिने शाळेत ऐकले होते, काही नव्हतेच, आणि वॉर्डमध्ये एकही डॉक्टर किंवा सिस्टर अलिंद म्हणत नाही, त्यामुळे आता एका कप्प्याला दोन नावं पाठ करायचं ओझं झालं. तिला मराठी नावं नकोच होती, मराठीत विचार करायला हवा होता. मग आम्ही ठरवलं की नाव इंग्लिशच राहील, एट्रियम ते एट्रियम, पण त्याच्याबद्दलचं बोलणं घरच्या मराठीत. "राइट एट्रियममध्ये सगळ्या अंगाचं रक्त गोळा होतं, मग ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह उघडला की खाली राइट व्हेंट्रिकलमध्ये उतरतं," असं. यादी फाडून टाकली आणि तिथून पुढे गाडी चालायला लागली.

पुढचे सहा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, चाळीस-पन्नास मिनिटं बसायचो. नियम एकच, जे शिकायचं ते आधी स्वतःच्या अंगावर सापडलं पाहिजे. पहिल्या दिवशी नाडी, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर, दोन-तीन बोटांनी, अंगठ्याने नाही कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. मग बसून मोजली, झोपून मोजली, झोपलेली असताना झटकन उभं राहून मोजली. उभं राहिल्यावर वाढली. का वाढली? तिने स्वतःच शोधायचं. दोन दिवसांनी सांगितलं, उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, हृदयाकडे परत येणारं कमी होतं, प्रेशर पडायला लागतं, ते मानेतल्या कॅरॉटिड सायनसला आणि एऑर्टाच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य आर्टरीच्या) कमानीतल्या बॅरोरिसेप्टरना, म्हणजे प्रेशर ओळखणाऱ्या नर्व्हच्या टोकांना, कळतं आणि मेंदू हृदयाला सांगतो पळ. मी विचारलं, मग ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा उठवताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून का बसवतो? तिचे डोळे असे चमकले की काय सांगू, कारण हे ती वॉर्डमध्ये रोज बघत होती आणि तिला वाटायचं ती नुसती पद्धत आहे.

स्टेथोस्कोपचं पण तसंच. लब आणि डब हे शब्द तिला माहीत होते पण तो आवाज कशाचा हे विचारलं तर म्हणाली हृदय आकुंचन पावल्याचा. तो आवाज व्हॉल्व्ह बंद होण्याचा असतो, लब म्हणजे मायट्रल आणि ट्रायकस्पिड मिटले, डब म्हणजे एऑर्टिक आणि पल्मनरी मिटले. मग स्टर्नमवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, बोट फिरवून तो उंचवटा शोधायला लावला, स्टर्नल अँगल, तिथे दुसरी बरगडी लागते, तिथून मोजत खाली बरगड्यांमधल्या पाचव्या जागेत डावीकडे, मिडक्लॅव्हिक्युलर लाइनच्या (कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेच्या) जरा आत, तिथे हृदयाचं टोक. तिला वाटायचं हृदयाचं टोक आणि हृदयाचा तळ म्हणजे बेस हे शब्द पुस्तकाने उलटे छापलेत, कारण बेस वर आणि टोक खाली. बोटाने टोक धडधडताना सापडलं तेव्हा ते प्रकरण मिटलं.

मग हिशोब. एका ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, करा गुणाकार, ५०४० मिली, म्हणजे पाच लिटर. घरात गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन असतो ना, तेवढं दर मिनिटाला. आणि अंगात सगळं मिळून रक्त किती, तर मोठ्या माणसात जवळपास पाचच लिटर. म्हणजे सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं! इथे तिला मी विल्यम हार्वे या इंग्लिश डॉक्टरची गोष्ट सांगितली, कारण १६२८ साली त्याने जे छापलं त्याच्या मुळाशी हाच गुणाकार होता. त्याच्या आधी शेकडो वर्षं गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचं चालत होतं की लिव्हर अन्नापासून रक्त बनवतं आणि अंग ते वापरून संपवतं. हार्वेने अगदी कमीत कमी आकडे धरून हिशोब केला तरी अर्ध्या तासात हृदयातून जाणारं रक्त अंगात असलेल्या रक्तापेक्षा जास्त भरत होतं, मग एवढं रोज नवीन बनणार कुठून आणि जाणार कुठे, म्हणजे तेच फिरून येत असणार. आर्टरीतून व्हेनमध्ये ते जातं कसं हे त्याला दिसलं नव्हतं, त्यांना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक केशवाहिन्या माल्पिगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात बघितल्या. ती म्हणाली, "म्हणजे मॅडम त्याला न बघताच कळलं की मधे काहीतरी असणार." हो, कळलं, आणि तेच तर शिकायचंय.

हार्वेचाच एक प्रयोग आम्ही तिच्याच हातावर केला, आणि माझ्या मते या सगळ्या केसमधला तो सगळ्यात मोलाचा अर्धा तास. कोपराच्या वर टॉर्निकेट बांधलं, हाताच्या शिरा फुगल्या, त्यात मधे मधे छोट्या गाठी दिसायला लागल्या. त्या गाठी म्हणजे व्हॉल्व्ह. मनगटाकडच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने तिथून वरच्या गाठीच्या पलीकडे रक्त सरकवत न्यायचं, वरचं बोट उचललं तरी मधला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त खाली येत नाही, व्हॉल्व्ह येऊ देत नाही. खालचं बोट उचललं की लगेच भरतो. हे तिने चार-पाच वेळा केलं, मग रूममेटच्या हातावर केलं, मग अख्ख्या हॉस्टेलच्या. आणि दुसऱ्या आठवड्यात येऊन स्वतः म्हणाली की वॉर्डमधल्या सिस्टर व्हेनफ्लॉन (सलाइनसाठी शिरेत ठेवायची नळी) लावताना त्या गाठीवर का घालत नाहीत ते आता कळलं, व्हॉल्व्हपाशी अडकतं म्हणून.

एका रविवारी बकऱ्याचं हृदय आणलं. दुकानात काळीज मागितलं तर लिव्हर मिळतं बरं का, हृदय हवं असेल तर "दिल" म्हणायचं, आणि वरच्या नळ्या कापू नका असं मुद्दाम सांगायचं. (आपल्या भाषेत काळीज तुटतं, धडधडतं, वाघाचं असतं, ते सगळं हृदयाबद्दल आणि ताटात येतं ते लिव्हर, यावर ती खूप वेळ हसत होती.) ग्लव्ह्ज घालून तिने स्वतः कापलं. दोन्ही व्हेंट्रिकलच्या भिंती चिमटीत धरून बघितल्या, डावी जाड, उजवी त्याच्या मानाने पातळ. का? उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसात ढकलायचंय, तिथे वरचं प्रेशर २५ च्या आसपास, डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचंय, तिथे १२०. एऑर्टाच्या नळीत वरून पाणी ओतलं तर तीन पाकळ्या मिटून पाणी अडलं. मायट्रल आणि ट्रायकस्पिड व्हॉल्व्हच्या खालचे ते पांढरे दोरे, कॉर्डी टेंडिनी, तिने बोटाने ओढून बघितले आणि म्हणाली हे छत्री उलटी होऊ नये म्हणून धरलेले दोरे आहेत. अगदी बरोबर, आणि हे मी तिला सांगितलं नव्हतं.

आता अभ्यासाची पद्धत. आधी तिचं चालायचं ते असं, वाचा, हायलायटर मारा, परत वाचा, डायग्राम बघून बघून सुंदर काढा. बघून काढताना हात शिकतो, डोकं झोपलेलं असतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर केलेला प्रयोग आहे, एका गटाने उतारा परत वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणूनच तिला रात्री वाटायचं सगळं आलं आणि पेपरात काहीच आठवायचं नाही. मग आम्ही कोरा कागद पक्का केला. वाचायचं एकदा, वही बंद, जे आठवेल ते काढायचं-लिहायचं, मग वही उघडून चुका लाल पेनाने. दुसऱ्या दिवशी परत, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. पहिले दहा दिवस ती रडली, खरंच रडली, कारण कागद अर्धे कोरे राहायचे आणि सुंदर वहीची सवय असलेल्या मुलीला ते बघवत नव्हतं. मी पण डगमगले होते, वाटलं आपण हिचा उरलासुरला कॉन्फिडन्स घालवतोय की काय. तिसऱ्या आठवड्यात लाल पेन कमी व्हायला लागलं.

मोठ्या नावांची भीती फोडायला नाव तोडून वाचायची सवय लावली. स्टर्नोक्लायडोमास्टॉइड म्हटलं की ती आधी घाबरायची, पण स्टर्नम, क्लॅव्हिकल म्हणजे कॉलरबोन आणि कानामागचं मास्टॉइड हाड, एवढंच तर आहे त्यात, मसल कुठून निघून कुठे चिकटतो ते नावच सांगतंय. मान डावीकडे वळवली की उजवीकडचा मसल दोरीसारखा वर येतो, आरशात बघ. किडनीसाठी आकडे घेतले, मिनिटाला १२५ मिली फिल्टर, दिवसाला १८० लिटर, तिच्या गावी अंगणात पाण्याचा जो २०० लिटरचा ड्रम असतो तो जवळजवळ भरेल एवढं, आणि त्यातून लघवी जेमतेम दीड लिटर, मग बाकीचं कुठे गेलं? या एका प्रश्नावर नेफ्रॉनचं, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्यांचं, अख्खं चॅप्टर तिने स्वतः उलगडलं.

जे जमलं नाही ते पण सांगते. क्रॅनियल नर्व्ह, म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या नर्व्ह, पहिल्या अक्षरांवरून पाठ करायची ती इंग्लिश वाक्यं हिच्या उपयोगाची नव्हती, वाक्य लक्षात राहायचं आणि कुठल्या अक्षराची कुठली नर्व्ह ते नाही. ग्रुप स्टडी दोनदा करून बघितला, हुशार मुली बोलायच्या आणि ही मान हलवायची, बंद केला. नर्व्हस सिस्टिम शेवटपर्यंत कच्चीच राहिली, सहा आठवड्यांत तेवढं होण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या इंटर्नलला ७५ पैकी ४१. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला दोन्ही सेक्शन मिळून पास, काठावर नाही, चांगली पास. माझा एक राग मात्र अजून गेलेला नाही आणि तो मुलींवर नाही. हृदयाची रचना एक टीचर एका महिन्यात शिकवणार, त्याचं काम दुसरी टीचर दीड महिन्याने शिकवणार, आणि दोन्ही जोडायचं काम सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने हॉस्टेलवर रात्री एकटीने करायचं. भिंत जाड का आणि प्रेशर जास्त का हे एकाच दिवशी, एकाच फळ्यावर यायला हवं. पुढच्या बॅचला ॲनाटॉमीच्या मॅडम आणि मी निदान हृदय, फुप्फुस आणि किडनी एकाच आठवड्यात घ्यायला लागलो, टाइमटेबल बदलून घ्यायला बरीच बोलणी खावी लागली.

ती आता थर्ड इयरला आहे. मागच्या महिन्यात लेबर रूमच्या पोस्टिंगवरून रात्री तिचा फोन आला. नाळ तपासताना सिस्टरनी तिघींना विचारलं होतं की दोन आर्टरी आणि एक व्हेन आहे, यातल्या कशात ऑक्सिजनवालं रक्त? बाकी दोघी आर्टरी म्हणाल्या. ही म्हणाली व्हेन, कारण ऑक्सिजन प्लॅसेंटात (वारेत) मिळतो आणि तिथून बाळाच्या हृदयाकडे आणते ती व्हेनच असणार. "पण मॅडम," म्हणे, "पोटात असताना फुप्फुसाचं काम नाही, मग उजवीकडचं रक्त डावीकडे जातं कसं? आणि पहिला श्वास घेतल्यावर रस्ता बदलतो कसा?" मी काही सांगितलं नाही, म्हटलं आधी कोऱ्या कागदावर काढ. तासाभराने व्हॉट्सॲपवर फोटो आला. दोन्ही एट्रियमच्या मधल्या भिंतीला तिने एक भोक काढलं होतं, उजवीकडून डावीकडे बाण, बरोबर बाजूला, आणि कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "पे. डावा".